सात नाटकं, त्यातलं एकच स्वतःचं!

युवक महोत्सव जवळ आला की लोहारा काय, धाराशिव काय, कॉलेजच्या कट्ट्यावर एकच शोध सुरू होतो. कुणाकडे स्क्रिप्ट आहे का? पुण्या-मुंबईत गाजलेली एकांकिका मिळाली की दोन नावं बदलायची आणि तालमीला लागायचं. तुम्हीही असंच करत असाल, तर गोविंद बल्लाळ देवल यांची गोष्ट माहीत असायलाच हवी. त्यांनी सात नाटकं लिहिली. त्यातली सहा दुसऱ्यांच्या कथांवर बेतलेली होती. उरलेल्या एकाने मात्र महाराष्ट्र हलवला.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. त्याच सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' करून मराठी रंगभूमीची सुरुवात केली होती. तेव्हा नाटक म्हणजे देव, राक्षस आणि पुराणातल्या कथा. सूत्रधार पदं म्हणायचा आणि नट बरेचसे संवाद ऐनवेळी स्वतःच जुळवायचे.

बेळगावला शिकताना देवलांना अण्णासाहेब किर्लोस्कर भेटले. किर्लोस्कर तेव्हा तिथे शिक्षक होते. पुढे १८८० मध्ये त्यांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. आता पात्रं स्वतःच गाऊ लागली, संवादही लिहिलेले असायचे. देवलांनी गुरूंच्या नाटकांत कामं केली आणि तालमी जवळून पाहिल्या. १८८५ मध्ये किर्लोस्कर गेले. त्यानंतर नटांना घडवणारे तालीम मास्तर म्हणून देवलांचं नाव झालं. वाक्य ओरडून नाही, माणूस बोलतो तसं बोला, हा त्यांचा आग्रह असायचा.

लिहिताना देवलांनी उसनं घ्यायला कधी लाज बाळगली नाही. संस्कृतातून 'मृच्छकटिक' आणि 'विक्रमोर्वशीय' आणलं. बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून 'शापसंभ्रम' रचलं. 'दुर्गा' एका इंग्रजी नाटकावरून आलं. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा त्यांनी 'झुंजारराव' केला. त्यात डेस्डिमोना झाली कमळजा आणि कपटी इयागो झाला जाधवराव. मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या विनोदी नाटकाचं मूळ असलेलं 'संशयकल्लोळ' तर आजही हाऊसफुल्ल होतं. त्यातली कृत्तिका, रेवती, अश्विनशेठ ही नावं चक्क नक्षत्रांवरून घेतलेली आहेत! ते इतकं मराठी वाटतं, की मूळ परदेशी आहे हे सांगूनही पटत नाही.

१८९९ मध्ये आलं 'शारदा', देवलांचं एकमेव स्वतंत्र नाटक. पंचाहत्तरीतल्या श्रीमंत भुजंगनाथाला पुन्हा बोहल्यावर चढायचंय. भद्रेश्वर दीक्षित हा दलाल मुलगी शोधून देतो. पैशाच्या लोभाने कांचनभट आपल्या कोवळ्या पोरीला, शारदेला, द्यायला तयार होतो. आई तळमळते, पण तिचं चालत नाही. शेवटी कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडतो. कशावर, माहितीये? वर आणि वधू एकाच गोत्राचे निघतात म्हणून! वर म्हातारा आहे, मुलगी लहान आहे, तिला हे नकोय, यातलं एकही कारण तेव्हा पुरेसं नव्हतं.

त्या काळी प्रेक्षकांत बसलेल्या कित्येकांच्या घरात एखादी शारदा असणार. पुराणातल्या राजकन्येसाठी रडणं सोपं असतं. शेजारच्या घरातली मुलगी रंगमंचावर दिसली की मान खाली जाते. मराठी संगीत नाटक खऱ्या अर्थाने घराघरात शिरलं ते इथे. पुढे बालगंधर्वांनीही शारदेची भूमिका केली.

बालविवाहाला आळा घालणारा 'शारदा कायदा' १९२९ मध्ये आला. अनेकांना वाटतं की त्याचं नाव या नाटकावरून पडलं. तसं नाही, ते हरविलास सारडा यांच्या आडनावावरून आलं. कायदा येण्याच्या तब्बल तीस वर्षं आधी देवलांनी हा प्रश्न लोकांसमोर मांडला होता.

१४ जून १९१६ रोजी देवल गेले. त्याच वर्षी 'संशयकल्लोळ' संगीत रूपात रंगमंचावर आलं. आज त्यांच्या स्मृतिदिनी अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद रंगकर्मींना पुरस्कार देते.

आता थोडं आपल्याकडे पाहू. आज मुलीच्या लग्नाचं वय अठरा आहे, कायदा आहे, १०९८ ही हेल्पलाइन आहे. तरी दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोत आपल्या शेजारी उभी असलेली एखादी मैत्रीण अकरावीच्या वर्गात दिसतच नाही. दिवाळीनंतर कळतं, तिचं लग्न झालं. कारणं ठरलेली असतात. दुष्काळ, हुंडा, ऊसतोडीला जाताना पोरीला घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं ही काळजी. आजचा भुजंगनाथ म्हातारा नसेल, पंचविशीचाही असेल. पण तिला विचारत तेव्हाही कुणी नव्हतं आणि आजही फारसं कुणी विचारत नाही.

म्हणून यंदा पुण्या-मुंबईची स्क्रिप्ट जरूर उचला. बांधणी शिका, संवाद शिका. देवलही तसेच शिकले. पण एक एकांकिका त्या फोटोतल्या मैत्रिणीची लिहा. तिची गोष्ट कुठून आणायची गरज नाही. ती तुम्हालाच माहीत आहे.