घोडनदीच्या बाळूताई

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे आमच्या अध्यक्षीणबाईंनी सांगितले, तेव्हा जिजाऊ, अहल्याबाई, सावित्रीबाई ही नावे इतर भगिनींनी आधीच घेतली होती. मग मी जरा जवळची वाट धरली. केडगावाहून पुण्याच्या रस्त्याला लागले की सुपे मागे पडते, घोड नदीचा पूल येतो आणि पलीकडे शिरूर. जुनी माणसे त्याला घोडनदीच म्हणतात. त्या गावाचे नाव आपल्या टोपणनावात घेऊन एका बाईने महाराष्ट्रभर खळबळ उडवली. त्या विभावरी शिरूरकर, म्हणजे माहेरच्या बाळूताई खरे आणि सासरच्या मालतीबाई बेडेकर.

जन्म १९०५ चा. वडील अनंतराव शिक्षक, सुधारक मताचे. आई इंदिराबाईंनी कितीतरी वर्षे दुधाचा धंदा चालवला. ज्या काळात मुलगी दहा-अकराची झाली की आईबापांची झोप उडे, त्या काळात या मास्तरांनी आपल्या मुलीला हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत शिकायला ठेवले. लोक काय म्हणाले असतील ते आपण बायकांना सांगायला नको. पुढे मालतीबाईंनी वडिलांवर ‘खरेमास्तर’ नावाची कादंबरी लिहिली. बापाचे ऋण मुलीने असे फेडल्याची उदाहरणे थोडीच.

शिक्षण पुरे झाल्यावर त्या पुण्याला कर्व्यांच्याच कन्याशाळेत शिकवू लागल्या. तिथे त्यांना जे दिसले, ते आधी कुणी नीट पाहिले नव्हते. पूर्वी मुलगी लहानपणीच सासरी जाई, विधवा झाली तर कोपऱ्यात बसे. तिच्या दुःखावर पुस्तके निघाली होती. पण शिकलेली, वीस-पंचवीस वर्षांची, लग्न न झालेली मुलगी ही नवीनच गोष्ट होती. ती नोकरी करी, घरी पैसे देई. वरकरणी सगळे तिचे कौतुक करीत. तिच्या मनात काय चालले आहे हे विचारण्याची रीत मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. हुंड्यासाठी अडलेली, रूपावरून नाकारलेली, भावंडांच्या शिक्षणासाठी थांबवलेली, अशा किती मुली त्यांनी पाहिल्या असतील!

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ह. वि. मोटे यांनी प्रसिद्ध केला. लेखिका अठ्ठावीस वर्षांची, अविवाहित, आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका. स्वतःचे नाव घातले असते तर नोकरी गेली असती आणि शाळेलाही बोल लागला असता. म्हणून विभावरी हे नाव. विभावरी म्हणजे रात्र. पुस्तक वाचून पुण्या-मुंबईत गदारोळ झाला. मुलींच्या मनातल्या इच्छा एका बाईने उघड लिहाव्यात हे अनेकांना सोसले नाही. कुणाला वाटे हा पुरुषच असला पाहिजे, कुणी लेखिकेचा शोध घेत फिरे. बाई मात्र वर्गात मुलींना शिकवीत होत्या. नाव लपवणे हा भित्रेपणा, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या बाईचे पोट महिन्याच्या पगारावर आहे, तिने खरे लिहावे की नाव सांगावे, यातले एकच निवडायचे असेल तर तिने खरे लिहिले हेच मोठे.

त्यातली एक गोष्ट मी आपल्या मंडळाच्या दुपारच्या वाचनात वाचली होती, ती काही भगिनींना आठवत असेल. थोरली मुलगी शिकते, कमावते, आणि बापाचा संसार तिच्या खांद्यावर येतो. तिचे स्वतःचे घर व्हायचे राहूनच जाते. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. चहा निवला. मग एका वयस्क भगिनीने आपल्या थोरल्या बहिणीची हकीकत सांगितली. बहीण परिचारिका होती. तीन भावांची शिक्षणे तिने केली, स्थळे आली ती घरानेच परतवली, आणि म्हातारपणी ती कुणाकडे राहणार यावर त्याच भावांत चिठ्ठ्या पडल्या. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आणि आमच्या सभासद भगिनीची बहीण, यांत मला फरक फार थोडा दिसला.

पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. नवऱ्याने टाकलेल्या बाईला पुन्हा संसार आणि मूल हवेसे वाटले तर काय, हा तिचा विषय. तीवरही टीका झाली.

१९३६ मध्ये शाळा सोडून त्या सरकारी नोकरीत शिरल्या. इंग्रजांनी ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांच्या सोलापूरच्या वसाहतीवर त्या अधिकारी होत्या. तारेचे कुंपण, हजेरी, आणि आत कुटुंबेच्या कुटुंबे. पुण्यातल्या पांढरपेशा मुलींची दुःखे लिहिणाऱ्या बाईंना तिथे निराळेच जग दिसले. १९४० मध्ये ती नोकरी त्यांनी सोडली, पण पाहिलेले विसरल्या नाहीत. दहा वर्षांनी, १९५० साली, ‘बळी’ कादंबरीत ते उतरले. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. माझ्या मते हे त्यांचे सर्वांत मोठे पुस्तक, पण बायकांच्या वाचनात ते फारसे येत नाही. ते यावे असे मला वाटते.

मध्यंतरी १९३८ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्यांचा विवाह ‘रणांगण’कार विश्राम बेडेकरांशी झाला. दोघेही लिहिणारे, दोघेही आपापल्या मताचे. अशा घरात भाजीला फोडणी कोण घालीत असेल, असा एक प्रश्न आमच्या वाचनात निघाला होता. त्याचे उत्तर सापडले नाही.

निराश्रित स्त्रियांविषयी ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हे पुस्तकही त्यांनी लिहिले. १९८१ साली मुंबईला समांतर साहित्य संमेलन भरले, त्याच्या त्या अध्यक्षा होत्या. वय तेव्हा शहात्तर. २००१ साली त्या गेल्या.

मंडळाच्या कपाटात ‘कळ्यांचे निःश्वास’ची एक प्रत आहे, कव्हर सुटलेली. ‘बळी’ नव्हते, ते या वर्षीच्या वर्गणीतून घेतले आहे. ज्यांना न्यायचे असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावे.