ठगांचा वैरी, ग्वाल्हेरचा रेसिडेंट

महाराजपूर व पनियारच्या लढाया २९ डिसेंबर १८४३ रोजी झाल्या, हे आपल्या लष्करातील जुन्या घराण्यांना सांगावयास नको. त्या पराभवानंतर बाल जयाजीरावांच्या दरबारी जो इंग्रज रेसिडेंट होता, त्याचे नाव मात्र आपण बहुधा विसरलो. ते विल्यम हेन्री स्लीमन. १८४९ पर्यंत तो येथे होता. मला त्याच्या चरित्राचे अगत्य वाटते ते वेगळ्याच कारणाने. वेष पालटून केलेल्या गुन्ह्याला कायद्याने धरावे कसे, या एका प्रश्नापायी त्याने उमेदीची वर्षे वेचली.

स्लीमनचा जन्म १७८८ मधला, इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यातला. त्याच्या देशी १७२३ पासून एक कठोर कायदा होता. तोंडाला काळे फासून शस्त्रानिशी राखीव रानात शिरणाऱ्यास फाशी. तेथे सोंग हाच गुन्ह्याचा भाग ठरे. १८०९ मध्ये तो कंपनीच्या बंगाल फौजेत शिरला, नेपाळच्या युद्धात लढला आणि १८२२ मध्ये नरसिंगपूरचा कारभारी झाला.

येथील ठगांना तोंड काळे करण्याची गरजच नव्हती. ते यात्रेकरू होत, व्यापारी होत, रजेवर निघालेले शिपाई होत. वाटसरूंशी गोड बोलून चार मुक्काम बरोबर करीत आणि ठरल्या खुणेसरशी रुमालाने गळा आवळीत. घरी परतले की पुन्हा साधे कुळवाडी. कंदेली गावी, स्लीमनच्या कचेरीपासून चारशे वारांवर, अशी टोळी नांदत होती आणि त्याला तिचा वासही लागला नव्हता. हे पुढे त्यानेच नमूद करून ठेवले आहे.

हे दुखणे आपल्या उंबऱ्याशीही होते. चंबळ-यमुनेच्या बेचक्यातील सिंदौस परगणा ठगांचा मोठा अड्डा. १८१२ मध्ये इंग्रजांनी तेथे फौज घातली, तेव्हा त्यांतले पुष्कळ शिंद्यांच्या मुलखात आले. एका राज्यात खून आणि दुसऱ्या राज्यात घर, अशी त्यांची सोय होती. फिर्यादी मेलेला, प्रेत पुरलेले, वारस शेकडो कोस दूर. न्यायाधीशाने शिक्षा द्यावी कशावर?

१८३० च्या अखेरीस फिरंगिया नावाचा जमादार हाती लागला व माफीचा साक्षीदार झाला. त्याने पुरलेली प्रेते दाखवली, नावे सांगितली. स्लीमनने कबुल्या ताडून वंशावळी आणि नकाशे तयार केले. मग १८३६ चा तिसावा कायदा आला. कोणता खून कोणी केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ठगांच्या टोळीत पूर्वी कधीही, कंपनीच्या मुलखात वा बाहेर, सामील होता एवढे शाबीत झाले की जन्मठेप. सोंग उतरवता येत नाही, तर सोबतच गुन्हा ठरवावी, हा त्यातला विचार.

रस्ते निर्धास्त झाले, याचे श्रेय स्लीमनला दिलेच पाहिजे. पण माझे मन येथे अडखळते. माफीचा साक्षीदार जीव वाचवण्यासाठी कोणाचे नाव घेणार नाही? ठगांचा पंथ व त्यांची संख्या फुगवून सांगितली गेली, असे आज अनेक इतिहासकार मानतात. शिवाय कृत्याऐवजी नाते पाहण्याची सवय सरकारला लागली. तिचे फळ १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. त्याने पाळण्यातल्या पोरावरही शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या. लोकांच्या मनातला शिक्का मात्र अजून पुरता पुसलेला नाही.

स्लीमन ग्वाल्हेरहून लखनौस गेला. अवध खालसा करू नये, असे त्याचे मत होते. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी ते राज्य खालसा झाले आणि तीनच दिवसांनी, मायदेशी निघालेला स्लीमन सिंहलद्वीपाजवळ जहाजावर वारला. जबलपूरच्या वाटेवरील स्लीमनाबाद त्याचे नाव अजून चालवते.

१८६० च्या दंडसंहितेत ठगाची स्वतंत्र कलमे होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती नाहीत. तोतयेगिरी आणि फसवणुकीने सरकारी नोकराचा पोशाख घालणे हे गुन्हे मात्र कायम आहेत, आणि मला तेच योग्य वाटते. माणसाने कोणते सोंग घेऊन काय केले, हे कायद्याने जरूर विचारावे. तो कोणाच्या पोटी जन्मला, हे विचारू नये.