पेट्रोलवरचे दोन आणे आणि बॅरिस्टर जयकर

घाटनांदूरहून अंबाजोगाईला दुचाकीवरून जाणारा शिक्षक पेट्रोलचे पैसे मोजतो, तेव्हा त्यात रस्त्यांसाठीचा उपकरही असतो. या आकारणीच्या मुळाशी एक मराठी बॅरिस्टर आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते. मुकुंद रामराव जयकर हे नाव आज मुख्यतः पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयामुळेच लोकांच्या तोंडी आहे.

जयकर १८७३ साली मुंबईत जन्मले. उच्च न्यायालयात वकिली गाजवून १९२३ मध्ये ते स्वराज्य पक्षाचे नेते म्हणून मुंबई विधिमंडळात गेले आणि १९२६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात पोहोचले. १९२७ साली रस्तेविकास समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. बैलगाड्यांसाठी बांधलेले खडीचे रस्ते मोटारींखाली उखडत होते आणि लोकल बोर्डांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. जो रस्ता अधिक वापरतो त्याने अधिक द्यावे, हे तत्त्व कोणालाही पटेल; परंतु वापर मोजायचा कसा? ठायी ठायी नाके उभारण्यापेक्षा पेट्रोल हेच माप समितीला सोयीचे वाटले. दारात उभी असलेली मोटार पेट्रोल जाळीत नाही. दिवसभर धावणारी बस जाळते. १९२८ च्या अहवालानंतर मार्च १९२९ मध्ये गॅलनमागील कर चार आण्यांवरून सहा आणे झाला. वाढीव दोन आणे रस्त्यांसाठी निराळ्या खात्यात ठेवण्यात आले. हे निराळे खाते हाच या योजनेचा प्राण होता. घाटनांदूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते.

पुढे जयकर गोलमेज परिषदेत गेले, सप्रूंसह त्यांनी गांधीजी आणि सरकार यांच्यात मध्यस्थी केली, १९३७ मध्ये ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले. समेट घडविणाऱ्याच्या वाट्याला जयजयकार क्वचितच येतो. १९४६ मध्ये घटना समितीत, मुस्लिम लीग व संस्थाने येईपर्यंत ध्येयविषयक ठराव थांबवावा, अशी त्यांची सूचना होती. तिला कडवा विरोध झाला. १९४८ पासून १९५६ पर्यंत ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा रस्तेनिधी मात्र टिकला. २००० साली त्याला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. २०१८ मध्ये निधीचे नाव बदलले आणि रस्त्यांखेरीज इतर पायाभूत कामांनाही त्यात वाटा मिळाला. त्या कामांची निकड कोणी नाकारणार नाही. पण शेतातच राबणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलवरही हा उपकर पडतो, आणि विजेवरची मोटार तोच रस्ता झिजवून पंपावर काहीच देत नाही. माप असे चुकू लागले असता खातेही सैल करणे, हा जयकरांच्या योजनेचा विस्तार म्हणता येत नाही.