आस्कोवचे मास्तर

विंड एनर्जीच्या पुस्तकांत पॉल ला कूर हे नाव दोन ओळींत संपतं. मला मात्र हा माणूस जाम आवडतो.

जन्म १८४६ चा, डेन्मार्कमधला. हवामानखात्यातली चांगली पोस्ट सोडून १८७८ मध्ये ते आस्कोव गावच्या शाळेत मास्तर झाले. शाळा शेतकऱ्यांच्या तरुण मुलांची. पुढे शहरांत वीज आली, खेड्यांत मात्र अंधारच. वारा तेवढा फुकट! १८९१ मध्ये सरकारी मदतीने त्यांनी पवनचक्कीवर डायनॅमो फिरवला. पण वारा पडला की काय? मग त्याच विजेने पाण्याचं विघटन करून त्यांनी हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. स्फोट होऊन खिडक्या फुटल्या, तरी मास्तर हटले नाहीत. पाती थोडीच हवीत, पण वेगाने फिरायला हवीत, हेही त्यांनी प्रयोगांनी दाखवलं.

माझ्या मते त्यांचं खरं काम याच्या पुढे आहे. १९०४ पासून त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी इलेक्ट्रिशियनचे कोर्स चालवले. १९०८ मध्ये ते वारले. पण त्यांचा विद्यार्थी योहानेस यूल याने १९५७ मध्ये गेडसरला २०० किलोवॅटची, तीन पात्यांची टर्बाइन उभारली. १९७३ च्या तेलसंकटानंतर डॅनिश कारखानदारांनी तोच नमुना उचलला. २०२३ मध्ये डेन्मार्कची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची होती.

मित्रांनो, मशीन पैसे टाकून आणता येतं. ते समजणारी माणसं गावात नसतील, तर पहिल्याच बिघाडाला ते गंजत पडतं. ला कूर यांनी मशीनबरोबर माणसंही घडवली. डिग्री घेऊन आपण कोणाला काय शिकवणार आहोत?