गोल्फ : वाळूतला चेंडू बाहेर काढणे कुणी सोपे केले?

अमेरिकी गोल्फपटू जीन सॅराझेन (१९०२–१९९९) इटलीहून आलेल्या गरीब सुताराच्या घरी जन्मले. लहानपणी त्यांनी खेळाडूंच्या बॅगा उचलल्या आणि विसाव्या वर्षी, १९२२ मध्ये, यूएस ओपन जिंकली. पण ग्रीनजवळच्या वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, चेंडू गेला की त्यांचे गणित बिघडे. क्लबची पातळ कड नांगराच्या फाळासारखी वाळूत रुते.

१९३१ च्या सुमारास त्यांनी क्लबच्या तळाला डाख देऊन धातूचा थर चढवला. आता क्लब रुतेना, वाळूतून सरकू लागला; वाळूच चेंडू उचलू लागली. हा ‘सँड वेज’ घेऊन त्यांनी १९३२ मध्ये ब्रिटिश आणि यूएस, दोन्ही ओपन जिंकल्या.

आजही बंकरमधला धडा तोच: फटका चेंडूवर नको, त्यामागच्या वाळूवर मारा.