एका गावचे दोन दरबार

उज्जैनीच्या देवास गेटापाशी मोटारीची वाट पाहत उभे राहण्याचा योग मला पुष्कळदा आला आहे. स्टेशन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वर्दळ अखंड. कंडक्टर देवासच्या नावाने पुकारा करू लागला की दर वेळी मला हसू येते. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या उतारूने त्याला विचारले असते की बाबा, कोणते देवास, थोरले की धाकटे, तर त्या प्रश्नाला कोणी वेडगळ म्हटले नसते.

१७२८ साली बाजीराव पेशव्यांच्या स्वारीबरोबर तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू माळव्यात उतरले. मुलूख दोघांना मिळून मिळाला. पुढे वाटण्या झाल्या, आणि थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदू लागली. १८१८ साली इंग्रजांनी तह केला, तेव्हा दोन्ही राजांनी मिळून एकच कारभारी ठेवावा असे ठरले होते. पण भाऊबंदकीपुढे तहाची काय मातब्बरी! कारभारी दोन झाले. दरबार दोन, फौजा दोन, पाणीपुरवठाही दोन. सायंकाळी एकाच वेळी दोन वाड्यांपुढे दोन बँड निरनिराळे सूर वाजवीत. आणि इंग्रज सरकारनेही काटा अचूक धरला: दोघांनाही सलामी तोफा पंधरा पंधरा!

या अजब व्यवस्थेतील थोरल्या पातीच्या गादीवर १८९९ साली अकरा वर्षांचा एक मुलगा दत्तक येऊन बसला. तेच तिसरे तुकोजीराव. माल्कम डार्लिंग हा तरुण इंग्रज अंमलदार १९०७ मध्ये त्यांचा शिक्षक म्हणून आला आणि जन्माचा मित्र होऊन गेला. १९०८ साली कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची कन्या त्यांना दिली. पण तो संसार टिकला नाही. राणीसाहेब माहेरी गेल्या त्या गेल्याच.

१९२१ साली महाराजांनी ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराला काही महिन्यांसाठी खासगी चिटणीस नेमले. कादंबरीकाराकडे काम कोणते? बागा, मोटारी आणि वीजघर! त्या गृहस्थाला यांतले काय कळत होते हा प्रश्न दरबारात कोणाला पडला नसावा. वाडा अर्धवट बांधलेला, आणलेले सामान धूळ खात पडलेले, आणि खजिन्यात खडखडाट. पण गोकुळअष्टमी आली की हेच महाराज कृष्णाच्या मूर्तीपुढे देहभान विसरून नाचत. फॉर्स्टरने ते पाहिले आणि १९२४ च्या आपल्या प्रसिद्ध कादंबरीच्या शेवटच्या भागात त्या उत्सवाला अमर केले. १९५३ साली देवीच्या टेकडीचे नाव देऊन त्याने देवासवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. त्यात तो पोट भरून हसला आहे. पण महाराजांवरची त्याची माया पानोपानी दिसते.

पुढची हकीकत मात्र हसण्याजोगी नाही. १९२६ मध्ये युवराजांच्या लग्नात पैसा पाण्यासारखा गेला. वर्षभरातच युवराज बापावर रुसून इंग्रजांच्या आश्रयाला पळाले. कर्जाचा डोंगर वाढला, सरकारने हिशेब मागितला. १९३३ साली महाराज तीर्थयात्रेला म्हणून दक्षिणेत निघाले ते थेट फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. इंग्रजी कागद तिथे पोचत, पण हुकूम चालत नसे. १९३७ च्या डिसेंबरात तिथेच त्यांनी देह ठेवला. ज्यांच्या गावात सारे काही दुहेरी, त्यांना शेवटी हक्काचे एक छप्परही लाभले नाही.

महाराजांना मी निर्दोष म्हणणार नाही. उधळला तो पैसा रयतेचा होता, आणि त्या रयतेला दोन राजांचा थाट पोसावा लागत होता. पण एका गावावर दोन तोफखान्यांची सलामी ज्यांनी शंभर वर्षे गंभीर चेहऱ्याने मान्य केली, त्यांनी एक दिवस अचानक हिशेबाची वही उघडावी, हे मला त्या दोन बँडांहून अधिक विनोदी वाटते. वेडेपणा एकट्या राजाचा नव्हता. त्यावर सरकारी मोहोर होती.

१९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. आता देवास गेटाहून तिकीट एकाच देवासचे मिळते. मोटारीत बसताना मात्र पाँडिचेरीत एकटे पडलेले ते महाराज मला आठवतात, आणि मघाचे हसू ओठांवरच थांबते.