समाजाचा वाटा आधी : श्रेष्ठिवर्य कस्तुरभाई लालभाई

पालिताण्याची यात्रा ज्यांनी केली आहे, राणकपूरच्या स्तंभांच्या रांगांतून जे फिरले आहेत, त्यांनी श्रेष्ठिवर्य कस्तुरभाई लालभाई यांचे कार्य प्रत्यक्ष पाहिलेले आहे. मग त्यांचे नाव ठाऊक असो वा नसो. गिरणीमालक आणि शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचे अध्यक्ष म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र तरुणपणी ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते, आणि सरकारदरबारी गेलेला पैसा आपल्या गावाकडे कसा वळवावा हे त्यांना उत्तम साधत असे, या बाजूकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

कस्तुरभाईंचा जन्म १९ डिसेंबर १८९४ रोजी अहमदाबाद येथे झाला. घराणे नगरशेठ शांतिदास झवेरी यांचे. मोगल बादशहांकडून शत्रुंजयासंबंधीची फर्माने मिळविणारे ते हेच शांतिदास. राजसत्तेकडून समाजाचे कार्य करवून घेण्याची कला या घराण्यात तीन शतके चालत आलेली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९१२ साली वडील लालभाई दलपतभाई यांचे अकस्मात निधन झाले. त्या वेळी कस्तुरभाई सतरा वर्षांचे होते. महाविद्यालय सोडून ते रायपूर मिलमध्ये रुजू झाले आणि हजेरीच्या कामापासून आरंभ करून रुईच्या खरेदीपर्यंत सारे शिकले. कापूस पाहण्यासाठी ते स्वतः गावोगाव हिंडत. कापडाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला या शिक्षणाचे मोल सांगावयास नको.

१९२३ च्या अखेरीस, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, अहमदाबादच्या गिरणीमालकांचे प्रतिनिधी म्हणून ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. त्या काळी देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनकर होता. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या दडपणाखाली तो १८९६ साली लादलेला होता. जकात लावावीच लागली तर तिचा लाभ देशी मालाला मिळू नये, हा त्यामागील उघड हेतू होता. नफा असो वा तोटा, ठाण विणले की कर देय झाला! पुढे विदेशी कापडावरील जकात १९१७ साली साडेसात व १९२१ साली अकरा टक्के झाली, तरी देशी मालावरचा हा कर उठला नाही. कस्तुरभाईंनी हा प्रश्न सभागृहात लावून धरला. ते स्वराज्य पक्षाचे नव्हते, तथापि पंडित मोतीलाल नेहरूंच्या त्या पक्षाची साथ त्यांनी मिळविली. अखेर डिसेंबर १९२५ मध्ये व्हाइसरॉयने कराची वसुली स्थगित केली व १९२६ साली तो कायमचा रद्द झाला.

याच सुमारास मुंबईच्या गिरणगावात मोठा संप चालू होता. मालकांनी साडेअकरा टक्के वेतनकपात जाहीर केली होती. कर स्थगित होताच ती मागे घेण्यात आली आणि संप मिटला. अहमदाबादेत मात्र १९२३ साली झालेली वेतनकपात लगेच भरून निघाली नाही. कर उठविण्यात गिरणीमालकांचा स्वार्थ होताच, आणि त्याचा लाभ सर्वांच्या पदरात सारखा पडला नाही, हे जमाखर्च मांडताना नोंदविलेच पाहिजे.

कायदेमंडळाची मुदत चालू असतानाच समाजावर मोठे संकट आले. शत्रुंजयाच्या यात्रेसाठी पालिताणा संस्थानास वर्षाला पंधरा हजार रुपये देण्याचा १८८६ चा करार चाळीस वर्षांचा होता. तो ३१ मार्च १९२६ रोजी संपला. संस्थानाची मागणी फार मोठी होती आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांचा कल संस्थानाकडे होता. तेव्हा संघाने यात्राच बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. सिद्धाचलाचे दर्शन नाही, कार्तिकी पौर्णिमेला डोंगरावर पाऊल नाही, असे एक नव्हे, दोन वर्षे चालले. वृद्ध श्रावक-श्राविकांच्या मनाची काय अवस्था झाली असेल! पेढीची धुरा तरुण कस्तुरभाईंवर होती. दिल्ली-सिमल्याचे व्यवहार त्यांना कायदेमंडळामुळे परिचयाचे झालेले होते. मे १९२८ मध्ये सिमल्यास लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने समेट झाला. वर्षाला साठ हजार रुपये, पस्तीस वर्षांसाठी. पूर्वीच्या चौपट रक्कम झाली म्हणून काहींना हा सौदा महाग वाटणे स्वाभाविक होते. परंतु यात्रा सुरू झाली, आणि माझ्या मते दोन वर्षे बंद असलेल्या तीर्थाचा हिशोब केवळ रुपयांत करता येत नाही.

त्यानंतर ते पुन्हा राजकारणाच्या वाटेला फारसे गेले नाहीत. १९३१ साली मंदीच्या काळात तलम कापडासाठी त्यांनी अरविंद मिल उभारली. पुढे अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेत त्यांच्यासमवेत गणेश वासुदेव मावळंकर होते. लोकसभेचे हे पहिले सभापती मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावच्या कुटुंबातील. या संस्थेच्या कार्यात कस्तुरभाईंची पद्धत स्पष्ट दिसते. प्रथम आपण व आपल्या गावाने रक्कम काढावी, जमीन द्यावी, मग सरकारकडे जावे. १९४८ साली अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी त्यांच्या कुटुंबाने पंचवीस लाख रुपये दिले आणि ते महाविद्यालय सरकारने चालविले. अटिरा ही वस्त्रसंशोधन संस्था गिरण्यांच्या वर्गणीवर उभी राहिली व केंद्र सरकारने तीस अनुदान दिले. डॉ. विक्रम साराभाई तिचे पहिले संचालक. १९५४ साली पंतप्रधान नेहरूंनी तिच्या वास्तूचे उद्घाटन केले. व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आरंभी मुंबईत व्हावी असा विचार होता. १९६१ साली ती अहमदाबादेत झाली, कारण केंद्र व राज्य सरकारांच्या जोडीला स्थानिक उद्योजक आपला वाटा घेऊन तयार होते. मुंबईकरांनी याचे थोडे वैषम्य मानावयास हरकत नाही!

फाळणीत कराची बंदर गेले, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर नवे बंदर कोठे असावे हे ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्षपद १९४८ साली सरकारने त्यांच्याकडे सोपविले. समितीने कच्छमधील कांडला सुचविले. केंद्राच्या खर्चाने ते बांधले गेले आणि १९५५ साली त्यास मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला.

पेढीचे अध्यक्षपद त्यांनी सुमारे पन्नास वर्षे सांभाळले. राणकपूर, देलवाडा, शत्रुंजय येथील जीर्णोद्धारात मूळ शिल्प झाकणारी मागाहूनची बांधकामे काढण्याचा त्यांचा आग्रह असे. शत्रुंजयावर त्यासाठी काही प्रतिमा हलवाव्या लागल्या तेव्हा विरोधही झाला. त्या प्रतिमांची नव्या टूंकेत १९७६ साली विधिपूर्वक प्रतिष्ठा झाली.

१९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २० जानेवारी १९८० रोजी अहमदाबाद येथे त्यांचे निधन झाले. आपल्या मृत्यूनिमित्त गिरण्या बंद ठेवू नयेत अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे त्या दिवशीही माग चालू राहिले.